एंजलच्या टँकमध्ये टायगर बार्ब

एंजल माशाचे पर फाटलेत आणि अंगावर ठिपके आलेत, कोणतं औषध टाकू, असं विचारलंस. परांसाठी औषधाची बाटली जरा बाजूला ठेव. फोटोत एंजलच्या खालच्या लांब पराची टोकं कातरल्यासारखी दिसतायत, तो आजार नाही. ते टँकमधल्या टायगर बार्ब माशांचं काम, ते दुसऱ्यांचे पर कुरतडतात. क्रॉफर्ड मार्केटमध्ये एकाच काचेत सगळे गुण्यागोविंदाने दिसतात आणि आपण फसतो. मीही फसलोय.

टायगर बार्ब दोन-तीनच असले की जास्त वात्रट होतात. आठ-दहा असले तर आपसातच भांडत बसतात. पण तुझ्या दोन फुटी टँकमध्ये तेवढी जागा नाही, आणि एंजलसोबत तर ते नकोतच. दुकानदाराला परत दे, पैसे सोडून दे.

अंगावरचे मिठाच्या कणांसारखे ठिपके मात्र इक, म्हणजे परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा आजार. घाबरलेल्या माशाला तो लवकर धरतो. एंजल बादलीत काढून उपयोग नाही, परजीवी टँकभर आहे, उपचार पूर्ण टँकलाच. हीटरने दिवसाला एक-दोन अंश चढवत ३० पर्यंत ने. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, म्हणून एअर पंप रात्रीही चालू. फिल्टरमधला कार्बन काढ, नाहीतर औषध तोच शोषून घेईल. ठिपके गेले म्हणून लगेच थांबू नकोस. औषध अंगावरच्या परजीवीला लागत नाही, तो सुटून पाण्यात पोहायला लागला की मरतो. ठिपके गेल्यावरही आठवडाभर चालू ठेव.

पाणी बदलताना नळाचं थेट ओतू नकोस, क्लोरीन असतं. आधी त्यात अँटीक्लोरीन, म्हणजे क्लोरीन घालवणारं औषध टाक. कुरतडलेला पर स्वच्छ पाण्यात आपोआप वाढतो.