‘फॉरमॅट करू का?’ म्हणून विचारलं, तर ‘नको’ म्हणा

प्रश्न : मिरजेत माझा डीटीपीचा छोटा व्यवसाय आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक असं पंधरा वर्षांचं काम एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आहे. दिवाळीत मुलीने तिच्या मॅकवरून त्यात फोटो भरले. आता विंडोजला डिस्क जोडली की ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असा संदेश येतो. करू का? नवी २ टीबीची डिस्कही आणली आहे, तीत जागा १.८१च दिसते. फसवलं का?

उत्तर : करू नका. विंडोजला डिस्कवरची मांडणी वाचता आली नाही, एवढाच त्या संदेशाचा अर्थ. डिस्क रिकामी आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

तुमच्या पत्रातच एक धागा आहे. मॅक एनटीएफएस (विंडोजच्या स्वतःच्या मांडणीची) डिस्क वाचतो, पण वेगळं सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय तीवर लिहीत नाही. फोटो उतरले, म्हणजे डिस्क बहुधा एक्सफॅट या दुसऱ्या मांडणीची असणार. एक्सफॅट दोन्हीकडे चालते, पण चाललेल्या कामाची नोंद ती ठेवत नाही. ‘इजेक्ट’ न करता वायर ओढली, तर मांडणी बिघडू शकते. मुलीला विचारा, पण रागावू नका, सगळेच ओढतात.

आधी केबल आणि पोर्ट बदलून बघा. मग डिस्क त्याच मॅकला लावा. उघडली तर ताबडतोब सगळं नव्या डिस्कवर उतरवा. त्यासाठी नवी डिस्क तात्पुरती एक्सफॅट ठेवा, नाहीतर मॅक तीवर लिहिणार नाही. मॅकने जुनी डिस्क ‘इनिशियलाइझ’ करायची का विचारलं, तर तिथेही नकार द्या. उघडली नाही तर दुरुस्तीचे प्रोग्राम चालवत बसू नका, ते डिस्कवरच लिहितात. आतून टकटक आवाज येत असेल तर वीज बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. महाग पडतं, आधी अंदाज मागा.

चुकून कोणी फॉरमॅट केलंच तर? ‘क्विक’ फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. मजकूर पानांवर असतोच. तीवर नवं काही लिहू नका, म्हणजे परत मिळण्याची आशा राहते. ‘क्विक’ची खूण काढून केलेलं पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून सगळीकडे शून्यं लिहितं. त्यानंतर माझ्याकडेही उपाय नाही.

नव्या डिस्कच्या जागेचं म्हणाल तर फसवलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या.

जुनं काम ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सुखरूप उतरलं, उघडून पाहिलं, की मगच नवी डिस्क एनटीएफएस करा, कारण त्यासाठी ती फॉरमॅट करावी लागते. मुलीचा मॅक ती फक्त वाचू शकेल, आणि मला तर हा फायदाच वाटतो. छापखान्यात न्यायच्या पेनड्राइव्हला एक्सफॅट ठेवा. फॅट३२ या जुन्या मांडणीवर ४ जीबीची फाइल मावत नाही.

आणखी एक डिस्क घ्या, कुरकुर न करता. एक ऑफिसात, एक घरी, आठवड्याला अदलाबदल. कॉपी करण्यापुरतीच जोडायची. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या) तावडीत कॉम्प्युटरसोबतच सापडते, आणि विजेच्या झटक्याचंही तेच. क्लाउडवर सिंक असलं तरी गाफील राहू नका: इथे खोडलेली फाइल तिथूनही जाते, आणि रिसायकल बिनची मुदत संपली की संपलं.

तुमच्या धंद्यातला खरा घोळ पुढेच आहे. पेजमेकर या जुन्या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरच्या फाइल्स त्याच कामाच्या इनडिझाइनमध्ये सीएस६ आवृत्तीपर्यंतच उघडतात, त्यापुढच्या आवृत्त्या त्या घेत नाहीत. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टांशिवाय मजकूर उघडला तरी अगम्य अक्षरं दिसतील. म्हणून फॉन्टांचं फोल्डर, सॉफ्टवेअरची सीडी आणि प्रत्येक कामाची फॉन्ट एम्बेड केलेली (आतच भरलेले) पीडीएफ सोबत ठेवा. महिन्यातून एकदा जुनी एखादी स्मरणिका घरच्या डिस्कवरून, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालू व्हायला कॉम्प्युटरला लावावी लागणारी किल्ली, असेल तर तो कॉपी होत नाही. कोणत्या मशीनच्या मागे अडकलाय ते आजच शोधून लिहून ठेवा.