ओटा खरखरीत, शेगडीमागची भिंत गुळगुळीत

लातूर-बीडकडे बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी जड असतं. काळ्या चकचकीत ग्रॅनाइटवर क्षारांचे पांढरे डाग लगेच उठून दिसतात, म्हणून ओट्याला 18 ते 20 मिमी जाडीचा, लेदर फिनिशचा (चामड्यासारखा किंचित खरखरीत, न चकाकणारा) ग्रॅनाइट घ्या आणि वर सीलर (दगडात डाग मुरू न देणारा द्रव) मारून घ्या. शेगडीमागे मात्र गुळगुळीत टाइलच हवी, ओट्यापासून किमान 2 फूट उंच. तिथे खडबडीत दगडी टाइल दिसायला छान वाटते, पण फोडणीचं तेल खाचांत बसतं आणि घासूनही निघत नाही. टाइलमधले सांधे 2 मिमी ठेवून त्यांत इपॉक्सीच (डाग न शोषणारा राळेचा भराव) भरा; सिमेंटचे सांधे पिवळे पडतात. खाली बिनपॉलिशची शहाबादी फरशी ठेवली तर ओल्या पायांना पकड मिळते. कपाटांना मॅट लॅमिनेट पुरे. ग्रॅनाइट, टाइल, फरशी आणि लॅमिनेट असे चारही नमुने घरी आणा, शेजारीशेजारी ठेवून खिडकीच्या उजेडात बघा, मगच ऑर्डर द्या.