रंगरेषा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (कोथरूड) : वेल्सचे चित्रकार कफिन विल्यम्स यांची डोंगरांची चित्रं पाहून 18 × 24 इंची कॅनव्हासवर तेलरंगात, नाइफने (रंग लावायच्या बोथट पात्याने) सिंहगड केला. रंग पुरेना, म्हणून त्यात जवसाचं तेल घातलं. दोन महिन्यांत वर सुरकुत्या पडल्या, आत रंग ओलाच आहे. शिवाय सगळ्याचा शेणकाला झाला तो वेगळाच. काय चुकलं?

उत्तर : आधी हिशोब चुकला. 18 × 24 इंच म्हणजे साधारण 2,800 चौरस सेंटिमीटर. थर सरासरी दीड मिलिमीटर धरला तरी 420 मिलिलिटर रंग लागतो, म्हणजे 40 मिलिलिटरच्या दहा ट्यूब. तेवढा खर्च जिवावर येतो, मग तेल घालून रंग वाढवला जातो आणि तिथेच घात होतो. तेलरंग पाणी उडून वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. तेल जास्त असलं की वरचा पापुद्रा आधी धरतो, फुगतो आणि आतल्या ओल्या रंगावर त्याच्या सुरकुत्या पडतात. पुण्याच्या पावसाळी दमट हवेत वाळणं आणखी रेंगाळतं. जाड कामात तेल अजिबात नको. रंग ट्यूबमधून येतो तसाच वापरा. सुरुवात 8 × 10 इंचावर करा. दोन ट्यूबमध्ये भागतं, त्यातली जवळजवळ एक पांढऱ्याचीच.

सुरकुतलेलं चित्र वाचवायच्या भानगडीत पडू नका. रंग ओला आहे तोवर खरवडून काढा आणि कॅनव्हास सरावाला ठेवा.

आता शेणकाला. कफिन (1918–2006) अँगलसी बेटावरच्या लँगेव्हनीचे. डोंगरात बसून ते शाई आणि वॉशची (पाण्यात पातळ केलेल्या रंगाच्या हाताची) रेखाटनं करत, रंगकाम स्टुडिओत. म्हणजे नाइफ हातात घेण्याआधी काळोख कुठे आणि उजेड कुठे हे ठरलेलं असे. त्यांचे रंग मोजकेच दिसतात : करडे, मातकट, मंद हिरवे. डोंगर उठतो तो गडद आणि फिकट यांच्या टकरीतून. तुम्हीही आधी तीनच छटांत पेन्सिलीने आराखडा करा. मग पॅलेटवर चार-पाच मिश्रणांचे ढीग तयार ठेवा. काळ्याऐवजी अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळा. निळं वाढवलं की थंड, अंबर वाढवलं की उबदार करडा मिळतो. नाइफ मान वाकलेली घ्या, म्हणजे बोटं रंगात बुडत नाहीत. पात्याच्या कडेवर रंग उचला, एक फटकारा मारा आणि हात उचला. तोच फटकारा तिसऱ्यांदा ओढलात की खालचा रंग वर आलाच. दर वेळी पातं चिंधीला पुसायचं; हा कंटाळा केला की चिखल.

वाळण्याचा आणखी एक सापळा. अंबरमध्ये मँगेनीज असतं, त्यामुळे तो लवकर वाळतो; टायटॅनियम पांढरा सावकाश. जाड पांढऱ्यावर दुसऱ्या दिवशी अंबरचा थर चढवला तर पुढे तडा जाणार. शक्यतो एका बैठकीत संपवा. नंतर चित्र कपाटात कोंडू नका, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. व्हार्निशची घाई तर मुळीच नको. एवढ्या थराला वर्षभरही कमी पडू शकतं.

आणि एक गोष्ट, जी नक्कल करताना हमखास निसटते. वेल्सचे हे डोंगर हिमनद्यांनी कोरलेले आहेत. खडक तिरके, फुटके, म्हणून तिथे तिरका फटकारा शोभतो. सह्याद्री म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर. कातळाची आडवी पट्टी, खाली गवताचा उतार, पुन्हा कातळ. इथे पातं आडवं चालवा आणि कड्याला तेवढा उभा फटका द्या. नाहीतर सिंहगड म्हणून काढलेला डोंगर वेल्सचाच दिसेल!

प्रश्न (सदाशिव पेठ) : बाहेर बसून कागदावर तेलरंगात छोटी चित्रं करायची आहेत. टिकतात का?

उत्तर : टिकतात. वेल्सच्या टॉमस जोन्स (1742–1803) यांनी नेपल्समध्ये अशीच केली. ते वेल्सचेच निसर्गचित्रकार रिचर्ड विल्सन यांचे शिष्य. 1782च्या सुमाराचं त्यांचं ‘नेपल्समधली भिंत’ लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, जेमतेम 11 × 16 सेंटिमीटरचं. पोपडे उडालेली भिंत, परांचीची भोकं, बाल्कनीत वाळणारे कपडे, खाली पाण्याचा ओघळ आणि वर आकाशाची चिंधी. बस्स. पेठेतल्या जुन्या वाड्याची मागची भिंत आठवली ना? विषय शोधत लांब जायला नको.

मात्र तेल कोऱ्या कागदाला हळूहळू खाऊन ठिसूळ करतं. 300 जीएसएम (दर चौरस मीटरला 300 ग्रॅम) वजनाचा जाड कागद चारही बाजूंनी टेपने फळीला चिकटवा, अॅक्रिलिक जेसोचा (रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचा) एक हात आडवा द्या, सुकल्यावर दुसरा उभा. टेप आधी न लावल्यास कागद पापडासारखा वाकतो. इथे थर पातळच ठेवायचा. नाइफचं काम कागदावर करू नका.

प्रश्न (चिंचवड) : रिचर्ड विल्सनने वेल्सचा स्नोडन डोंगर जसाच्या तसा रंगवला आहे का?

उत्तर : नाही. विल्सन (1714–1782) 1750 च्या दशकात इटलीत राहून आले आणि तिथली शिस्त त्यांनी घरच्या डोंगरांना लावली. नँटले तळ्यावरून दिसणाऱ्या स्नोडनच्या चित्रात दोन्ही बाजूंचे उतार तोलून बसवलेत, मधोमध शिखर, खाली शांत पाणी. रचना शिकायला उत्तम. नकाशा म्हणून वापरू नका.

प्रश्न (औंध) : नाव ‘किफिन’ की ‘कफिन’?

उत्तर : कफिन (Kyffin). वेल्श भाषेत शेवटच्या अक्षरावयवाआधीचा ‘वाय’ बहुधा ‘अ’सारखा उच्चारतात. ‘एफ’ एकेरी असला तर ‘व्ह’, जोडीने आला तर ‘फ’. म्हणून लँगेव्हनीत (Llangefni) ‘व्ह’ आणि कफिनमध्ये ‘फ’.