वाचकांचे प्रश्न : सायनसमधली बुरशी

सातारा-सांगलीकडून या वेळी आलेल्या पत्रांत 'सायनसमध्ये बुरशी निघाली' हे वाक्य पुन्हा पुन्हा आहे. सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या. नाव एकच असले तरी त्यामागचे आजार वेगवेगळे आहेत. एकात गोळीची गरज नसते, दुसऱ्यात उद्यापर्यंत थांबणेही परवडत नाही. उत्तरे आमच्या कान-नाक-घसा सल्लागारांची आहेत.

प्रश्न : वय २७. दोन वर्षे नाक चोंदलेले आहे, वास येत नाही, उजवा डोळा किंचित पुढे आल्यासारखा दिसतो. रिपोर्टवर 'अ‍ॅलर्जिक फंगल सायनुसायटिस' लिहिले आहे. डॉक्टर दुर्बिणीचे ऑपरेशन आणि नंतर स्टेरॉइड सांगतात. बुरशी आहे, मग बुरशीची गोळी का नाही? – एक वाचक, तासगाव

उत्तर : कारण गोळीला तिथे काम नाही. या आजारात बुरशी तुमच्या मांसात शिरलेली नसते, ती सायनसमधल्या शेंबडात असते. त्रास होतो तो तिच्याविरुद्ध शरीर जो अ‍ॅलर्जीचा गोंधळ घालते त्यामुळे. नाकात कोंब वाढतात, सायनसची तोंडे बंद होतात आणि आत घट्ट, हिरवट-तपकिरी, चिकट माल साचतो. काकवी आटून भांड्याच्या तळाला धरावी तसा. हा माल वर्षानुवर्षे दाब देत राहिला की सायनसच्या भिंतीचे हाड पातळ होते. तुमचा डोळा पुढे येतो आहे तो त्यामुळेच, तेव्हा ऑपरेशन लांबवू नका. दिसण्यात फरक वाटला, दोन-दोन दिसू लागले, तर दिलेल्या तारखेची वाटही पाहू नका.

ऑपरेशनमध्ये सगळे कप्पे उघडून हा माल शेवटच्या कणापर्यंत काढावा लागतो. थोडा राहिला तरी तेवढ्यावर आजार पुन्हा उभा राहतो. त्यानंतर स्टेरॉइड : आधी काही आठवडे डोस उतरवत पोटात, मग नाकात फवारा किंवा धुण्याच्या पाण्यातून. ऑपरेशन वाट मोकळी करते, अ‍ॅलर्जी आवरते ती स्टेरॉइडने. परत उलटण्याचे नेहमीचे कारण सांगतो. दोन महिन्यांत वास यायला लागतो, पेशंट खूष होतो आणि नाक धुणे सोडतो. वास आला तरी दुर्बिणीची तपासणी चुकवू नका. कोंब परत फुटताना आधी दुर्बिणीत दिसतो, तुम्हाला जाणवतो त्याच्या बऱ्याच नंतर.

एक सावधगिरी. सीटी स्कॅनमध्ये हा माल पांढरा, दाट दिसतो. एमआरआयवर मात्र तीच जागा काळी पडते आणि सायनस रिकामा असल्यासारखा वाटतो. म्हणून नुसत्या एमआरआयवर 'काही नाही' असे समजू नये.

बुरशीची गोळी लागणारा एक सावकाश वाढणारा प्रकारही आपल्या देशात आढळतो. गालावर किंवा डोळ्यापाशी न दुखणारी, कडक गाठ महिनोन्‌महिने वाढत राहते. त्यात बुरशी मांसात शिरलेली असते, बहुधा अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. तिथे ऑपरेशनबरोबर व्होरिकोनॅझोल किंवा इट्राकोनॅझोल कित्येक महिने द्यावे लागते. तुमचा आजार यातला नाही हे काढलेल्या तुकड्याच्या तपासणीवरूनच पक्के होते. ऑपरेशनआधी एवढे विचारून ठेवा की नमुना दोन बाटल्यांत जाणार आहे ना : एक फॉर्मलिनमध्ये, पॅथॉलॉजीसाठी, आणि दुसरी सलाइनमध्ये, बुरशी वाढवून पाहण्यासाठी. सगळाच नमुना फॉर्मलिनमध्ये गेला की बुरशी मरते आणि ती कोणती होती हे वाढवून पाहण्याची सोय उरत नाही.

प्रश्न : वय ५४. वरच्या डाव्या दाढेचे रूट कॅनॉल होऊन सहा वर्षे झाली. आता डाव्याच नाकपुडीतून घाण वास येतो. स्कॅनमध्ये 'फंगल बॉल' आला. हा कॅन्सर तर नाही ना? – एक भगिनी, कोरेगाव

उत्तर : नाही. हा बुरशीचाच घट्ट बसलेला गोळा असतो, ओल्या मातीसारखा ठिसूळ. वरच्या दाढांची मुळे गालाच्या सायनसच्या तळाशी अगदी लागून असतात. रूट कॅनॉलचे सिमेंट मुळाच्या टोकातून वर सायनसमध्ये निसटले तर त्यातल्या झिंक ऑक्साइडच्या आधाराने बुरशी वाढते. एकाच बाजूचा त्रास ही त्याची खूण. दुर्बिणीने सायनसचे तोंड मोठे करून गोळा धुऊन काढतात. तब्येत एरवी चांगली असेल तर पुढे बुरशीची गोळी लागत नाही आणि हा प्रकार सहसा परतही येत नाही. गोळ्याबरोबर सायनसच्या अस्तराचा छोटा तुकडाही तपासायला पाठवावा. दाढ मात्र दंतवैद्याला दाखवा. तिच्या मुळाशी पू असेल तर नाकातले काम अर्धेच झाले.

प्रश्न : २०२१ मध्ये आमच्या काकांचा डोळा काळ्या बुरशीने गेला. आता आईला शुगर आहे, सर्दी झाली की आम्ही घाबरतो. नेमके काय बघायचे? – एक वाचक, पाटण

उत्तर : साध्या सर्दीत दोन्ही नाकपुड्या वाहतात. म्युकरमध्ये, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजारात, खुणा बहुधा एका बाजूला असतात : गाल बधिर होणे, पापणी सुजणे किंवा खाली पडणे, दोन-दोन दिसणे, वरचे दात एकदम हलणे, टाळूवर काळा डाग. नाकातली प्रत्येक काळी खपली म्युकर नसते, वाळलेले रक्तही काळेच दिसते. पण शुगर वाढलेली आणि गाल बधिर, ही जोडी दिसली की त्याच दिवशी, रात्र असली तरी, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि सीटीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. मिरजेला किंवा कराडला, जे जवळ पडेल तिथे.

'काळी बुरशी' हे नाव तसे फसवे आहे. बुरशी स्वतः काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्त तोडते आणि मेलेले मांस काळे पडते. याच कारणाने नुसत्या औषधावर भागत नाही. जिथे रक्तच पोचत नाही तिथे औषध कसे पोचणार? ते मांस कापूनच काढावे लागते, कधी दोन-तीनदा. सोबत लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन हे बुरशीचे इंजेक्शन, वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ३०० मिलिग्रॅम, ५० मिलिग्रॅमच्या सहा बाटल्या. हे औषध ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळतात, सलाइनमध्ये ते फाटते. 'शुगरच्या पेशंटला ग्लुकोज का लावलं?' म्हणून नातेवाईक नर्सशी भांडतात, ते उगाच. इन्सुलिनने तेवढे सांभाळता येते. रक्तातले क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम मात्र वरचेवर तपासले जाते ना, हे जरूर विचारा. पुढे पोसाकोनॅझोलच्या गोळ्या असतात. त्या कुटून देऊ नयेत. घरात उरलेली फ्लुकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही.

आईची शुगर ताब्यात ठेवा आणि दुकानातून स्वतःहून स्टेरॉइडच्या गोळ्या आणू नका. खरा बचाव तोच.

प्रश्न : २०१९ च्या पुरापासून आमच्या भिंतीला ओल आहे, काळे डाग पडतात. त्यातून हा आजार होईल? – एक वाचक, सांगली

उत्तर : भिंतीवरचे काळे डाग आणि 'काळी बुरशी' यांचा संबंध नाही. म्युकरचे बीजाणू माती, शेणखत, कुजकी फळे, सगळीकडे असतात आणि धडधाकट माणसाला काही करत नाहीत. दमा किंवा अ‍ॅलर्जी असेल तर मात्र ओलीने त्रास वाढतो. पोपडे काढा, ओल कुठून येते ते बंद करा, भिंत पूर्ण वाळू द्या. ओल्यावर रंग मारला की पुढच्या पावसाळ्यात डाग पुन्हा वर.

प्रश्न : ऑपरेशननंतर नाक मिठाच्या पाण्याने धुवायला सांगितले आहे. झोंबते आणि कान बंद होतात. चुकते कुठे? – एक वाचक, वाई

उत्तर : झोंबते ते बहुधा मीठ कमी पडल्याने किंवा पाणी गार असल्याने. २४० मिलिलिटर कोमट पाण्याला सपाट अर्धा छोटा चमचा बारीक मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. धुण्याचा सोडा नव्हे. मेडिकलमधली तयार पुडी घेतली तर मोजायची कटकट नाही.

पाणी खळखळ उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळून झाकून निववलेलेच हवे. नळाचे, बोअरचे किंवा फिल्टरचे तसेच वापरू नका. नेग्लेरिया नावाचा अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकातून शिरला तर मेंदू गाठतो.

बेसिनवर पुढे वाका, मान किंचित एका बाजूला कलती करा, तोंड उघडे ठेवून तोंडानेच श्वास घ्या आणि बाटली हलके दाबा. पाणी दुसऱ्या नाकपुडीतून येईल. त्या वेळी गिळलेत किंवा जोरात दाबलेत तर ते कानाकडे जाते, दडा बसतो तो त्यानेच. नंतर वाकूनच उरलेले पाणी गळू द्या आणि एकेक नाकपुडी हळू शिंकरा, दोन्ही दाबून नव्हे. झोपण्याच्या तासभर आधी उरका, नाहीतर आत राहिलेले पाणी उशीवर येते. पाण्यात ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड घालायला सांगितले असेल तर ०.५ मिलिग्रॅमची एक नळी अख्ख्या बाटलीत, डॉक्टरांनी सांगितले असेल तितक्याच वेळा. बाटली रोज साबणाने धुऊन उपडी वाळवा आणि तीन महिन्यांनी बदला. आतून बुळबुळीत लागली तर त्याआधीच टाका.