जुन्या लॅपटॉपवर विंडोज ठेवू की लिनक्स टाकू?

आधी तुम्ही रोज कोणते प्रोग्रॅम वापरता ते बघा, सिस्टिम नंतर. टॅली, ऑटोकॅड किंवा फोटोशॉप लागत असेल तर विंडोजच ठेवा. वाइनवर (लिनक्समध्ये विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) हे चालवण्याच्या खटपटीत पडू नका. मॅकओएसवर फोटोशॉप उत्तम चालतं, पण त्यासाठी ॲपलचंच मशीन लागतं, म्हणजे तो विषय इथेच संपला.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं. ते नसेल आणि काम ब्राउझर, कागदपत्रं, कोडिंग एवढंच असेल, तर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) बरं. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून आधी लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा. वायफाय, आवाज आणि झाकण मिटल्यावर स्लीप, तिन्ही तपासा. वायफाय तिथे चाललं नाही, तर इन्स्टॉल केल्यावरही ड्रायव्हर शोधावा लागेल.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायचे असतील तर बॅकअप घ्या, बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क-कुलूप) रिकव्हरी की लिहून ठेवा आणि विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा भाग) विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच लहान करा. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सोय) बंद करायला विसरू नका. नाहीतर विंडोजचा ड्राइव्ह अर्धवट झोपलेला राहतो आणि लिनक्स त्यावर काही लिहू देत नाही. नंतर विंडोजमधलं घड्याळ चुकलं तर लिनक्समध्ये स्थानिक वेळेची सेटिंग करा.