नार्डनचे बुरूज आणि बुलेवार्डचं गोत्र

प्रश्न असा: "नेदरलँड्समधल्या नार्डन गावाच्या तटाला जे टोकदार कोन आहेत, त्यांना मराठीत बुरूज म्हणणं चूक का? आपला बुरूज गोल असतो. शिवाय 'बुरूज' हे अरबी 'बुर्ज'चं अनेकवचन आहे, असं वाचलं."

खुशाल बुरूज म्हणा. तटातून पुढे आलेला आणि दोन्ही बाजूंच्या भिंती माऱ्याखाली ठेवणारा भाग तो बुरूज. गोलाई ही त्याची अट नव्हे. तोफा आल्यावर गोल बुरुजाची अडचण झाली, कारण त्याच्या अगदी पुढ्यात शेजारच्या बुरुजांचा मारा पोचत नाही आणि सुरुंग लावणारा तिथेच दडतो. पुढचा भाग टोकदार केला की ती जागा उरत नाही. नार्डनचे सहा बुरूज तसे आहेत ते या हिशेबापायी. त्या आकारात गूढ चिन्हं शोधणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

अनेकवचनाची गोष्ट मात्र साफ खोटी. अरबीत 'बुर्ज'चं अनेकवचन 'बुरूज' होतं हे खरं, पण मराठीने ते तिथून उचललेलं नाही. जोडाक्षर सोडवून मध्ये स्वर घालायची आपली जुनी खोड आहे: मुल्कचा मुलूख, जुल्मचा जुलूम, हुक्मचा हुकूम. ही काय अनेकवचनं आहेत? नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती लावणाऱ्यांना इतकंही दिसू नये!

आता खरी मौज. डच लोकांचा अशा बांधकामासाठीचा जुना शब्द 'बोलवेर्क'. 'बोल' म्हणजे झाडाचा बुंधा किंवा जाड फळी, 'वेर्क' म्हणजे काम. हा शब्द फ्रान्सला गेला आणि 'बुलेवार' झाला. 14व्या लुईने 1670 साली पॅरिसचा तट पाडायला घेतला, त्या जागी झाडं लावून फिरायचे रस्ते केले आणि तटाचं नाव रस्त्यांना चिकटलं. आपण ज्याला ऐटीत बुलेवार्ड म्हणतो, तो मुळात लाकूड-मातीचा बुरूज आहे. इंग्रजी 'बुलवर्क' त्याच घरातला. पोर्तुगीज 'बालुआर्त'ही तिथलाच, म्हणजे 1739 साली चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईला सेंट सेबास्टियनचा जो बुरूज सुरुंगाने उडवला, त्याचं पोर्तुगीज सामान्यनाम या उत्तरेकडच्या लाकूडकामातून आलेलं!

काही जण 'बोल'चा संबंध 'फेकणे' अशा अर्थाच्या जुन्या जर्मन क्रियापदाशी लावून दगड फेकण्याचं यंत्र काढतात. मला ते मुळीच पटत नाही. डॅनिशमध्ये 'बोलवेर्क' म्हणजे आजही धक्क्याच्या काठाला लावलेला लाकडी आधार. ज्या सखल मुलखात दगड मिळत नाही, तिथे माती धरून ठेवायला बुंधेच लागणार. नार्डनचा तट पाहा: आत मातीचा भराव, बाहेर विटांचं आवरण. तोफगोळा मातीत रुततो. दगडी भिंत तडकते.

या तटाने काय भोगलं तेही सांगतो. 1572च्या डिसेंबरात स्पॅनिश सैन्याने गावाची कत्तल केली. 1672 साली फ्रेंचांनी गाव घेतलं, पुढच्याच वर्षी डचांचा सेनापती तिसरा विल्यम याने परत मिळवलं, आणि त्यानंतर आज दिसणारी दुहेरी खंदकांची तटबंदी उभी राहिली. तिला जोड होती ती शेतं बुडवून केलेल्या पाण्याच्या पट्ट्याची: गुडघाभर पाणी, चालायला जास्त आणि नावेला कमी.

एक चूक मात्र सतत कानावर येते. खंदकातल्या त्रिकोणी बेटांनाही लोक बुरूज म्हणून मोजतात. ती तटापासून सुटी असतात, दोन बुरुजांमधली भिंत झाकणं हे त्यांचं काम. आपल्याकडे दरवाजापुढच्या आडभिंतीला 'जिभी' म्हणतात. काम जवळपास तेच, तेव्हा नार्डनच्या बेटांनाही जिभीच म्हणावं, असं माझं ठाम मत आहे.