जगायला उमेद कुठून आणू?

प्रश्न : वय ६४. एसटीत कंडक्टर होतो. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, उजव्या हातात अजून जोर नाही. बटणं लावण्यापासून भात कालवून देण्यापर्यंत सगळं सूनबाई करते, तेही कुरकुर न करता. मुलगा रोज सुविचार पाठवतो. 'वाचलात, देवाचे आभार माना,' असं जो तो सांगतो. मला मात्र घरावर भार झाल्यासारखं वाटतं. जगायला उमेद कुठून आणू?
— एक वाचक, कराड

उत्तर : काका, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. झटक्यानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा करायला शिकवणं हा माझा व्यवसाय. सतत दुसऱ्याकडून घ्यावंच लागलं की आभार मानायचीही लाज वाटू लागते, हे मी घराघरांत पाहते. म्हणून आधी तुमच्या हाताला काम हवं.

सुरुवात शर्टापासून करा. शर्ट मांडीवर पसरा, आधी दुबळा हात बाहीत घाला, मग धड हात. काढताना धड हात आधी. बटणं डाव्या हाताने खालून वर लावत या. वेळ लागेल. सूनबाईंना सांगा, 'अडलं तर हाक मारीन, तोवर थांब.' घरची माणसं मायेपोटीच मदतीला धावतात आणि पेशंट बसून राहतो.

मग स्वयंपाकघरातलं एक काम कायमचं मागून घ्या. जाड लाकडी फळीला खालून दोन स्टीलचे खिळे ठोकून घ्या, टोकं वर यायला हवीत. त्यांत बटाटा रोवायचा आणि डाव्या हाताने सोलायचा. फळीखाली ओलं फडकं ठेवलं की ती सरकत नाही. उजवा हात मांडीत ठेवू नका, त्याने फळी दाबून धरा. घरात लहान मूल असेल तर काम झाल्यावर फळी उंचावर ठेवा.

बटाटे सोलून काय होणार, असं मनात येईल. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या माळरानावर आनंदवन उभं राहिलं. कुष्ठरोगात नसा बधिर होतात, भाजलं-कापलं तरी कळत नाही, जखमा चिघळतात आणि बोटं झडतात. असल्या हातांनी तिथे विहिरी खोदल्या, शेती केली, पुढे हातमाग चालवले. बाबांना त्यांच्यासाठी भीक नको होती, काम हवं होतं. आणि ज्या समाजाने या माणसांना दूर लोटलं, त्याच्याच मुलांसाठी आनंदवनाने १९६४ मध्ये वरोऱ्यात कॉलेज सुरू केलं. मला यातलं हे देणं सगळ्यांत मोठं वाटतं.

तुमच्याजवळ द्यायला हिशोब आहे. धावत्या गाडीत, गर्दीत उभं राहून तुम्ही टप्पे आणि सुटे पैसे तोंडी जुळवलेत. आळीतल्या मुलांना संध्याकाळी तोंडी हिशोब शिकवा. वेळ ठरवून, रोज. पाच वाजता मुलं येणार म्हटलं की दाढीचा कंटाळा करून चालत नाही.

सूनबाईंचे आभार मोघम मानू नका. 'परवा रात्री दोनदा उठलीस, माझ्या लक्षात आहे,' एवढं म्हणा. तिलाही ते ऐकायचं असेल.

आणखी एक. झटक्यानंतर सुमारे तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. तो आजाराचाच भाग आहे, त्यावर उपचार आहेत. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं होत असेल, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. याच आठवड्यात डॉक्टरांना स्पष्ट सांगा, आणि जाताना मुलाला सोबत न्या.